डिस्क टाकायची की फाइल लावायची: सिंहगड रस्त्यावरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचे प्रकरण

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका सोसायटीत तळमजल्यावर ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल आहे. गुरुवारी संध्याकाळी तिथे तीस-चाळीस मंडळी जमतात, संघाच्याच जुन्या व्याख्यानांपैकी एखादे टीव्हीवर लावतात, मग चहा होतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावाला उन्हाळ्यात खुर्चीवर बसून दीड तास दुसऱ्याचे ऐकून घ्यायची सवय आहे. (नंतर बोलायची सवय त्याहून जुनी असावी.) संघाने २००६ मध्ये आपली लहानशी माला सुरू केली. वर्षाला पाच व्याख्याने आणि पहिल्या वर्षापासून प्रत्येकाचे चित्रीकरण.

२०१२ पर्यंतची सगळी व्याख्याने फक्त डीव्हीडीवर आहेत. तेव्हा कॅमेरा मिनीडीव्ही टेपचा होता, आणि टेप महाग म्हणून डीव्हीडी झाली की त्याच टेपवर पुढचे व्याख्यान घेतले जाई. २०१३ मध्ये मेमरी कार्डावर फुल एचडी चित्रीकरण करणारा कॅमेरा आला. पण हॉलमध्ये डीव्हीडी प्लेअर होता, म्हणून एचडी चित्रीकरणाच्याही डीव्हीडी निघत राहिल्या. कार्डावरच्या मूळ फाइली एका हौशी सभासदाने हार्डडिस्कवर ठेवल्या होत्या, नाहीतर हे प्रकरण इथेच संपले असते.

२०२५ मध्ये एका सभासदाच्या मुलाने संघाला ४३ इंची टीव्ही दिला आणि घोळ सुरू झाला. जुन्या प्लेअरला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर, आणि नव्या टीव्हीच्या पाठीमागे फक्त एचडीएमआय आणि यूएसबी. आता तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून कन्व्हर्टर आणून प्लेअर जोडायचा, नवा प्लेअर घ्यायचा, की डिस्कच बंद करून पेनड्राइव्हवरून फाइल लावायची? कार्यकारिणीत दोन तट पडले. माझी आई संघाची सभासद आहे आणि व्हिडिओ एडिटिंग हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे मला बोलावणे आले.

खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले, डिस्कच्या बाजूचे. म्हणाले, “अहो, डिस्क टाकली की चालू होते. ट्रे बाहेर, ट्रे आत, झालं. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये आधी फोल्डर शोधा, मग फाइल शोधा, मग ती चालेना म्हणून तुम्हाला फोन करा.”

सचिव काकू फाइलच्या बाजूच्या. “आणि डिस्क मध्येच अडकते तेव्हा? मागच्या महिन्यात काय झालं, काका? व्याख्यान निम्म्यावर बंद पडलं आणि आपण नुसताच चहा प्यालो.”

दोघांचेही खरे होते. वाद संपत नव्हता, कारण तीन वेगळी कामे एकाच पोत्यात भरली होती: गुरुवारी हॉलमध्ये व्याख्यान लावणे, सभासदाला घरी न्यायला प्रत देणे, आणि मूळ चित्रीकरण जपणे. डिस्कने इतकी वर्षे ही तिन्ही कामे केली, म्हणून ती तीन आहेत हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. मी एवढेच सुचवले की तिन्हींचा निर्णय वेगवेगळा घ्यावा, आणि तो बैठकीत न घेता टीव्हीसमोर बसून घ्यावा.

चित्रात फरक किती?

इथे मतभेदाला जागाच नव्हती. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते, फुल एचडीचे १९२० बाय १०८०. गुणाकार केला तर दुसरे पहिल्याच्या बरोबर पाचपट भरते. म्हणजे २०१३ पासून संघ प्रत्येक व्याख्यानाचे पाचातले चार बिंदू फेकून देऊन डीव्हीडी काढत होता. शिवाय डीव्हीडी-व्हिडिओला एमपेग-२ ही चित्र दाबून लहान करण्याची १९९०च्या दशकातली पद्धत वापरावी लागते. ४.७ जीबीच्या डिस्कवर दीड तास बसवायचा तर आवाज धरून सेकंदाला सातेक मेगाबिट मिळतात. ते पुरतात, पण दोन तासांचे व्याख्यान त्याच डिस्कवर कोंबले तर आकडा पाचावर येतो आणि हलणाऱ्या हातांभोवती चौकोन दिसू लागतात.

नुसते बोलणारे वक्ते असतील तर हा फरक मागच्या रांगेत कळतही नाही. म्हणून चाचणीसाठी मी मुद्दाम कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळावरचे व्याख्यान निवडले. वक्त्यांनी नकाशा लावला होता, त्यावर नळाचा मार्ग आणि वाटेतले उच्छ्वास (नळावरचे हवेचे झरोके) बारीक अक्षरांत दाखवले होते. डीव्हीडीवर ती अक्षरे म्हणजे मुंग्यांची रांग. मूळ फाइल लावली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी पेठेचे नाव मोठ्याने वाचून दाखवले आणि आपले आजोळ तिथेच होते हेही सांगितले. व्याख्यान पाच मिनिटे थांबवावे लागले.

खजिनदार काका गप्प होते, पण पटलेले दिसत नव्हते. त्यांचा आक्षेप चित्राबद्दल नव्हताच.

फाइल ‘नुसती लावायची’ म्हणजे काय

काकांचा आक्षेप पहिल्याच गुरुवारी खरा ठरला. कार्डावरची फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर घेतली, टीव्हीला लावली. चित्र आले, आवाज नाही. टीव्हीने खाली पट्टी दाखवली की हा ऑडिओ चालत नाही. अशा कॅमेऱ्यांच्या एमटीएस फाइलमध्ये आवाज बहुधा डॉल्बी डिजिटल पद्धतीचा असतो, आणि सगळेच टीव्ही यूएसबीवरून तो वाजवत नाहीत. वर आणखी एक अडचण: कॅमेरा लांब चित्रीकरणाचे आपोआप तुकडे करतो, त्यामुळे एक व्याख्यान चार-पाच फाइलींत विभागलेले. एक संपली की टीव्ही यादीवर परत येई आणि वक्त्यांचे वाक्य अर्धवट लोंबकळत राही.

अशा वेळी बहुतेक लोक एखादे कन्व्हर्टर घेतात आणि सगळे व्हिडिओ नव्याने बनवत बसतात. त्यात तासन्‌तास जातात आणि चित्राचा दर्जाही थोडा उतरतो. त्याची गरज नसते. एफएफएमपेगसारख्या फुकट साधनाने तुकडे जोडता येतात, चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसी पद्धतीत बदलता येतो आणि सगळे एमपीफोरच्या वेष्टनात घालता येते. चित्र नुसते उचलून ठेवायचे असल्याने दीड तासाचे व्याख्यान काही मिनिटांत तयार होते. त्यानंतर आवाजाची तक्रार आली नाही.

जुन्या डीव्हीडींची तऱ्हा निराळी. डिस्क उघडली की आत एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइली, नावे अशी की माणसाने ठेवलेली वाटत नाहीत. मेकएमकेव्ही या प्रोग्रामने त्यांची एकेक सलग फाइल केली. इथेही चित्र बदलले नाही. डीव्हीडीवरचे चित्र एकाआड एक रेषांचे, सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांचे असते. कन्व्हर्टरने ते घाईत ‘सपाट’ केले की हाताच्या हालचालीला कंगव्याचे दाते फुटतात. टीव्ही तेच काम चांगले करतो, कारण टीव्ही प्रसारणाचे चित्र वर्षानुवर्षे तसेच येत आले आहे. तेव्हा एमपेग-२ आहे तर एमपेग-२ च राहू द्यावे. ‘एमपीफोर केले की आधुनिक झाले’ असे काही नसते.

फक्त एक सेटिंग बदलावे लागले. जुनी व्याख्याने चारास तीन या मापाची, आणि नवा टीव्ही ती ताणून पडदाभर पसरवत होता. २००९ साली बोलून गेलेल्या एक विदुषी नेमक्या त्या दिवशी प्रेक्षकांत होत्या. “मी इतकी जाड कधीच नव्हते,” असे त्यांनी ठणकावून सांगितले. माप बदलल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांबद्दल तक्रार केली नाही.

आता काकांच्या मूळ मुद्द्याकडे. डिस्कचा खरा गुण म्हणजे तिच्यावर एकच गोष्ट असते. ती हातात धरता येते, तिच्यावर नाव लिहिलेले असते आणि ती चुकून दुसरे काही लावत नाही. पेनड्राइव्हची फुशारकी नेमकी उलटी, की त्यात सगळे मावते. ४३ इंची पडद्यावर साठ नावांची यादी, रिमोट एका हातात, चष्मा दुसऱ्या हातात, आणि मागून चौघे चार सूचना देताहेत. हे दृश्य एकदा पाहिल्यावर मी ठरवले की फाइलला डिस्कसारखे वागवायचे.

म्हणून टीव्हीच्या पेनड्राइव्हवर फक्त त्या महिन्याच्या गुरुवारांची व्याख्याने असतात. फोल्डर नाहीत. नाव आकड्याने सुरू होते, म्हणजे टीव्ही ती क्रमानेच लावतो. नावे रोमन लिपीत, कारण या टीव्हीने देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दाखवले. महिन्याची यादी मोठ्या टाइपात छापून टीव्हीशेजारी चिकटवली. पेनड्राइव्ह काढायचा नाही, कारण तो काढला की टीव्ही कुठवर पाहिले ते विसरतो. त्या यादीखाली सचिव काकूंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: ‘टीव्ही संघाचा आहे. रिमोटही संघाचाच आहे. पेनड्राइव्ह टीव्हीचा आहे. कृपया त्याला त्रास देऊ नये.’ मी सुचवलेल्या कुठल्याही तांत्रिक उपायापेक्षा या पाटीचा परिणाम जास्त झाला.

मी हॉलमध्ये नसताना, एखाद्या काकूंनी यादी वाचून व्याख्यान लावले तरच ही पद्धत चालते असे म्हणायचे, ही अट मी सुरुवातीलाच घातली होती. पहिला महिना जड गेला. दुसऱ्या महिन्यात फोन यायचे थांबले.

शोकेसमधल्या डिस्का

२००६ ते २०१२ च्या पस्तीस व्याख्यानांच्या मूळ डीव्हीडी हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये मानाने उभ्या होत्या. शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर. घरी राइट केलेल्या डीव्हीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात लेझरने लिहिलेली असते, आणि ऊन त्या रंगाचे वैरी. बाजारातल्या छापील डिस्कांत असा रंग नसतो, त्या साच्यातून काढलेल्या असतात. म्हणून दुकानातून आणलेली जुनी डीव्हीडी झकास चालते आणि घरची त्याच वयाची बसते. लोक मात्र दोन्हींना एकच समजतात.

वाचायला बसलो तेव्हा एक नमुना दिसला. डिस्क आतून बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते. बोटे लागतात कडेला, लिखाणाचा दर्जाही बहुधा कडेकडेच घसरतो. त्यामुळे बिघडलेल्या डिस्कांत व्याख्यान शाबूत होते आणि प्रश्नोत्तरे गेली होती. पुण्यात हे नुकसान लहान नव्हे, कारण इथे निम्मे श्रोते प्रश्नोत्तरांसाठीच येतात. काही डिस्कांवर वर्तुळाकार कागदी लेबले डकवलेली होती. एका बाजूने सुटलेले लेबल डिस्कला फिरताना थरथरवते. ती ओढून काढायचा मोह टाळावा. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात, आणि ओढाताणीत त्याच उकलण्याची भीती.

एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसऱ्याने वाचली असे बरेचदा झाले. तेव्हा लॅपटॉपचा ड्राइव्ह वाचत नाही म्हणून डिस्क टाकून देऊ नये. कुणाच्या तरी माळ्यावरच्या जुन्या डेस्कटॉपला आधी एक संधी द्यावी. तरीही काही व्याख्यानांचे शेवट सापडेनात.

ते सापडले सभासदांच्या घरांत. त्या काळी प्रत्येक व्याख्यानाच्या प्रती मागणीप्रमाणे मारून दिल्या जात. एका काकूंच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, पाच वर्षांच्या प्रती अंधारात पडून होत्या. बहुतेक कधी लावल्याच नव्हत्या. त्या शेवटपर्यंत वाचल्या गेल्या. संघाने मानाने ठेवलेली मूळ डिस्क गेली आणि विसरून गेलेली प्रत राहिली. खजिनदार काकांनी हा मुद्दा पुढच्या बैठकीत इतिवृत्तात नोंदवून घेतला, आणि तो त्यांचा हक्कच होता: प्रती वाटण्याची जुनी पद्धत नसती तर ती प्रश्नोत्तरे गेलीच होती. इथे डिस्क वाचवणारी ठरली ती डिस्क होती म्हणून नव्हे, वेगवेगळ्या घरांत होती म्हणून.

घरी न्यायची प्रत

मग वाटायचे काय? एक साधा कागद फिरवला: घरी डीव्हीडी प्लेअर आहे का, चालतो का, आणि शेवटचा कधी लावला? पहिल्या प्रश्नाला हात पुष्कळ वर आले. दुसऱ्याला कमी. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे म्हणजे ‘नातवाच्या बारशाला’ अशी. अनेकांचे प्लेअर माळ्यावर होते आणि रिमोट देवाघरी.

एक डीव्हीडी आठच्या वेगाने लिहायला सात-आठ मिनिटे, लिहिलेले तपासायला जवळजवळ तितकीच. त्याआधी एचडीचे एमपेग-२ करायचा वेळ वेगळा. तीस प्रती म्हणजे एका माणसाचा दिवस. आणि पुढे कोऱ्या डिस्का मिळणे कठीणच होत जाणार. भारतात कोऱ्या डिस्का बनवणारी मोठी कंपनी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करायच्या ब्लू-रे डिस्का आणि मिनीडीव्ही कॅसेटी बनवणे थांबवले. दुकानात अजून माल दिसतो, पण त्याच्या भरवशावर पुढची दहा वर्षे ठरवू नयेत.

निर्णय असा झाला: ज्याचा प्लेअर खरोखर चालतो आणि जो मागेल, त्याला डिस्क. बाकीच्यांना फाइल. डिस्क मागणारे मोजकेच निघाले, त्यांत खजिनदार काका पहिले.

घरच्या प्रतीसाठी मात्र मूळ फाइल चालत नाही. सेकंदाला १७ मेगाबिटचे दीड तासाचे चित्रीकरण साडेअकरा जीबी भरते. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही. एक्सफॅट केला की बसते, पण सभासदांच्या घरचे काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. म्हणून इथे, आणि फक्त इथेच, नव्याने चित्र बनवले: एच.२६४ (एमपेग-२ नंतरची, चित्र जास्त दाबणारी पद्धत), फुल एचडी, सेकंदाला ५ मेगाबिट. दीड तास साडेतीन जीबीच्या आत बसतो, नकाशावरची अक्षरेही वाचता येतात. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी आठ-नऊ व्याख्याने मावतात.

‘व्हॉट्सॲपवर टाका ना’ ही सूचना दर बैठकीत येते. व्हॉट्सॲपवर फाइलची मर्यादा २ जीबी आहे, आणि व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आणखी दाबला जातो. यूट्यूबला तांत्रिक अडचण नाही, पण ते वक्त्यांच्या परवानगीवर अवलंबून. काहींनी आनंदाने दिली, काहींनी ‘तेव्हा जे बोललो ते त्या हॉलपुरते होते’ असे कळवले. त्यांची व्याख्याने यूट्यूबवर नाहीत.

सभासदांनी आणलेल्या पेनड्राइव्हबरोबर व्हायरसही येतो हे लवकरच कळले. आता शनिवारी सकाळी प्रती देणारा लॅपटॉप त्याच कामापुरता वापरतात आणि संघाच्या हार्डडिस्का त्याला कधी जोडत नाहीत.

संघाकडे विकत घेतलेल्या नाटक-सिनेमांच्याही काही डिस्का आहेत. त्यांच्या फाइली करायचा आग्रह एक-दोघांनी धरला. मी नकार दिला. अशा डिस्कांवर बहुधा कुलूप असते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले ६५अ कलम हक्क डावलण्यासाठी असे कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. जाहीरपणे दाखवण्याचा प्रश्न त्याहून वेगळा. त्या डिस्का कपाटातच आहेत.

जपायचे ते कुठे

मूळ फाइली आणि जुन्या डीव्हीडींच्या नकला मिळून आठशे जीबीच्या आसपास भरल्या. करोनाची दोन वर्षे माला बंद होती, नाहीतर थोड्या वाढल्या असत्या. दोन-दोन टीबीच्या दोन हार्डडिस्का घेतल्या, दोन्हींवर तेच. पेनड्राइव्ह या कामासाठी कुणी सुचवला तरी घेऊ नये. तो वर्षानुवर्षे न लावता पडून राहिला की आतली माहिती विरत जाऊ शकते.

दोन्ही हॉलमध्येच ठेवू, असे आधी ठरत होते. पण हॉल तळमजल्यावर, आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर याच रस्त्यालगतच्या एकतानगरीत घराघरांत काय झाले ते सगळ्यांच्या लक्षात होते. त्यावर फारशी चर्चा झाली नाही. एक डिस्क सचिव काकूंच्या मुलीकडे कोथरूडला, चौथ्या मजल्यावर गेली. दर वर्षी माला सुरू होण्याआधी दोन्ही लावून फाइली उघडून पाहायच्या, हे काम इतिवृत्तात एका पदाच्या नावाने लिहिले आहे, माणसाच्या नावाने नाही. माणसे बदलतात, पद रिकामे राहिले तर निदान कुणाच्या तरी लक्षात येते.

एक गोष्ट मात्र अजून टांगलेली आहे. जुना कॅमेरा थकला आहे आणि पुढच्या मालेचे चित्रीकरण मोबाइलवर करू, असे तरुण स्वयंसेवक म्हणतात. त्यांचे फोन मूळ सेटिंगवर एच.२६४ नंतरच्या एचईव्हीसी पद्धतीत चित्रीकरण करतात. हॉलमधला टीव्ही ते दाखवतो, सभासदांच्या घरचे जुने टीव्ही नाही. फोनमध्येच सेटिंग बदलून एच.२६४ घ्यायचे, की मूळ एचईव्हीसी ठेवून फक्त घरची प्रत बदलायची, यावर मी दुसऱ्या बाजूचा आहे. खजिनदार काकांचा प्रश्न वेगळा आहे: मध्येच फोन आला तर चित्रीकरण थांबते का? बैठक पुढच्या सोमवारी आहे.